दहाव्याच्या प्रवचनातलं माझं पाप

माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला फोन येतो. बोलणारा सहसा घरातला नसतो. पुतण्या असतो, नाहीतर शेजारी. "महाराज, गुरुवारी दहावा हाय, मोकळे हाव का?" मी वही बघतो आणि हो म्हणतो. गेली सव्वीस वर्षं माझं काम हेच आहे, दशक्रिया विधीचं प्रवचन.

शहरातल्या वाचकांना हे थोडं सांगायला हवं. तिकडे दहावा घरच्या चार माणसांत उरकतो. आमच्या शहापूर-मुरबाडकडे तो अख्ख्या गावाचा असतो. सकाळी साडेसातला नदीकाठी मंडप, सतरंज्या, गेलेल्याच्या फोटोचा मोठा फ्लेक्स, कर्णा. एका बाजूला मुलगा मुंडण करून भटजींसमोर बसलेला, दुसऱ्या बाजूला माइकसमोर मी. भटजी पिंड करतात तोवर मी जमलेल्यांना जन्ममरण आणि पापपुण्य सांगायचं. मग पिंड कडेच्या दगडावर ठेवतात आणि सगळे कावळ्याची वाट बघतात. कावळ्याने चोच लावली, म्हणजे कावळा शिवला, की गेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही असं समजायचं. नाही शिवला तर घरचे एकेक पुढे येऊन हात जोडतात. "बापू, बैलांची काळजी नको करू, मी हाय." "आये, धाकटीचं लगीन आमी लावू." तरीही नाही आला तर भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. शास्त्राला तो चालतो. गावाला चालत नाही.

कावळा येईपर्यंतचा तो वेळ भरणं हे आमच्या कामातलं खरं कसब. लोक अस्वस्थ असतात, ऊन चढत असतं, कामावर जाणारे घड्याळ बघत असतात. अशा वेळी महाराजाने बोलत राहायचं. एकदा सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत तास झाला तरी कावळा येईना. एक म्हातारा उठला, त्याने बिडी पेटवली, दोन झुरके स्वतः ओढले आणि ती पिंडाशेजारी ठेवून म्हणाला, "घे रे भिवा, अर्धीच ठेवलीय, नेहमीसारखी." कावळा आला. मी तिथे सांगत असलेल्या वैराग्याकडे मग कुणाचं लक्ष राहिलं नाही, आणि राहू नये हेच बरोबर होतं.

आमच्या कामात एक लबाडीही आहे, ती सांगून टाकतो. गेलेला प्रत्येक माणूस पुण्यवानच असतो. एका गावी आयुष्यभर दारू पिऊन बायकोला छळलेल्या माणसावर मी पाऊण तास बोललो. शांत, कष्टाळू, कुटुंबवत्सल. निघताना त्याची बायको चहाचा कप घेऊन आली. "महाराज, तुमी ज्याच्याबद्दल बोललाव तो कोन व्हता?" मी कप हातात घेतला. "पत्ता असंल तं द्या. त्याच्याशी लगीन लावीन म्हनते." बाजूच्या बायका पदराआड हसल्या. मीही हसलो. पण मेलेल्याला पुण्य वाटताना कुणाचं नुकसान होत नाही. जिवंत माणसाच्या पदरात पाप टाकलं की होतं. ते मी केलं आहे, आणि आज लिहायला बसलो ते त्यासाठी.

माझ्या गुरुजींचा एक नेम होता. दृष्टांत सांगताना, म्हणजे मुद्दा पटवायला गोष्ट सांगताना, पापी माणूस लांबच्या गावचा घ्यायचा. त्याहून बरं म्हणजे स्वतःलाच घ्यायचं. ते म्हणायचे, "संतांकडे बघ. पतित म्हणतात, अपराधी म्हणतात, ते स्वतःला. समोर बसलेल्या एखाद्या माणसाकडे बोट दाखवून कुणी म्हटलेलं दाखव." मी शोधलं होतं. खरंच सापडत नाही. आपल्या धर्मविचारातली मला सगळ्यात थोर वाटलेली गोष्ट ही. हे मी शेकडो वेळा माइकवर सांगितलं आहे, आणि लोकांनी माना डोलावल्या आहेत.

आता ती सकाळ. टोकावड्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, काळू नदीच्या काठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावं, ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत. तिथल्या एका म्हातारीचा दहावा होता. कुठलंही प्रवचन सुरू करण्याआधी मी घरच्यांना गेलेल्याबद्दल दोन गोष्टी विचारतो. त्या दिवशी मुलगा किसन भटजींपाशी बसला होता, म्हणून मी म्हातारीच्या जावेला विचारलं. तिला सगळे भागीकाकू म्हणतात. भागीकाकू म्हणाली, "लय कष्टाची बाय. पन शेवटचे दोन महिने पोटात अन्न नव्हतं हो महाराज. दारच बंद असायचं. कुनाला आत जाऊ देईत नव्हती सून."

हे वाक्य खोटं नव्हतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. मी फक्त 'का' विचारलं नाही. माइक टेस्टिंग चाललं होतं, मला उशीर होत होता.

पिंड ठेवला. कावळे वडाच्या झाडावर बसलेले, पण खाली येईनात. किसनने हात जोडले. नातेवाइकांनी दगडाभोवती गोळा होऊन जोडले. म्हातारीला आवडायची म्हणून बोंबलाची चटणी ठेवली, चहा ठेवला. पाऊण तास झाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडून गोष्ट निघाली. कुठल्याही पोथीतली नाही, तिथल्या तिथे रचलेली. एक म्हातारी असते. ती सुनेकडे वाटीभर दूध मागते. सून म्हणते, म्हैस आटली. गोठ्यात म्हैस दुभती असते. म्हातारी दुधासाठी झुरत जाते, आणि दहाव्याला कावळा झाडावर बसून राहतो, कारण घरात पाप झाकून ठेवलेलं असतं. "जोवर ते पाप स्वतःच्या तोंडाने बाहेर येत नाही," मी आवाज चढवून म्हणालो, "तोवर तो जीव सुटत नाही!"

बायकांच्या बाजूने माना वळल्या. किसनची बायको वनिता मागे, खांबाला टेकून बसली होती. भागीकाकू उठली.

"गो वनिता, पुढं ये. काय चुकलं तं बोल."

वनिता उठली नाही.

"बोल ना गो! म्हातारी अडाकलीय तिकडं. तुझ्यापायी अडाकलीय."

मग आणखी दोघी-तिघी बोलायला लागल्या. कुणीतरी तिला दंडाला धरून उठवलं. सगळा गाव तिच्याभोवती जमला. मी माइक हातात घेऊन उभा होतो. "बायांनो, ही गोष्ट मी आत्ता रचली," एवढं एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मी बोललो नाही. का? खरं सांगतो. माझी गोष्ट रंगली होती.

वनिताने नवऱ्याकडे पाहिलं. किसनने मान खाली घातली. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, हात जोडले आणि म्हणाली, "आये, माझं काय चुकलं असंल तं माफ कर." तेवढंच. आणि कावळा खाली उतरून पिंडाला शिवला.

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते मुरबाडभर फिरलं, दोन दिवसांत शहापूरला माझ्या घरी पोचलं. खाली लिहिलेलं, महाराजांच्या शब्दाची ताकद. त्या वर्षी माझ्या वहीत जागा उरली नाही. पुढारी मंडळींकडची बोलावणी यायला लागली. आणि मी, गुरुजींचा नेम माहीत असलेला मी, ती सकाळ दृष्टांत म्हणून सांगायला लागलो. गावाचं नाव घ्यायचो नाही, पण "काळूच्या काठी" एवढं म्हणायचो, कारण खरेपणा लागतो. हे मी चार वर्षं केलं.

चौथ्या वर्षी म्हशाकडच्या एका गावात दहावा होता. म्हशाच्या जत्रेचे दिवस, रस्ता बैलांच्या टेंपोंनी भरलेला, म्हणून मी प्रवचन आटपून निघायच्या घाईत. एक आशाताई, सरकारी आरोग्याचं काम करणारी, माझ्या मोटारसायकलीजवळ येऊन उभी राहिली.

"महाराज, ती तुमची गोष्ट. त्या म्हातारीच्या घरी मी जायचे."

"हो का?"

"तिच्या घशात गाठ होती. कॅन्सर. पाणीसुद्धा खाली उतरायचं नाही. वनिता चमच्याने पेज घालायची, एकेक चमचा, तास तास. निम्मी बाहेर यायची. पुन्हा घालायची."

मी म्हणालो, "मग दार का बंद?"

"वास यायचा. म्हातारीनेच शपथ घातली होती सुनेला, माझी ही दशा कुणाला दाखवू नको, कुणाला सांगू नको म्हणून. फार मानी बाई होती ती." ताईने खांद्यावरची पिशवी सावरली. "मी त्या दिवशी ट्रेनिंगला होते. नंतर कळल्यावर, आजाराचं नाव न घेता, सुनेने सासूची सेवा केली एवढं मी गावात घरोघरी सांगितलं. लोक काय म्हणाले माहितीये? ताई, तुमचं खरं असेल, पण कावळा शिवला ना."

मग तिने मला बाकीचं सांगितलं. वनिता शाळेत मुलांचा आहार शिजवायची, गावात त्याला खिचडीचं काम म्हणतात. दहाव्यानंतर आया कुजबुजायला लागल्या. सासूला उपाशी ठेवणारी पोरांना काय घालील? महिन्याभरात दुसरी बाई आली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं बंद झालं. कुणाच्या लग्नात भाकरी थापायला गेली तर तिच्या हातातली परात काढून घेतली. आता ती हमरस्त्यावरच्या ढाब्यावर भाकऱ्या करते. तिथे येणाऱ्या ट्रकवाल्यांना तिची गोष्ट ठाऊक नाही.

घरी येऊन मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. आधी शंभरदा पाहिला होता, पण स्वतःकडे बघत. या वेळी दगडाकडे बघितलं. पाऊण तास माणसं त्या दगडाभोवती गर्दी करून उभी होती. वनिताला उठवल्यावर सगळे तिच्याकडे धावले, दगडाजवळ कुणी उरलं नाही, आणि कावळा उतरला. पाखरू होतं ते. माणसं बाजूला होण्याची वाट बघत होतं.

लगेच तिच्याकडे गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी दोन वर्षं गेलो नाही. तो दृष्टांत सांगणं बंद केलं आणि त्यालाच प्रायश्चित्त मानलं. त्या काळात मी जुनी आख्यानं पुन्हा वाचली, स्वतःसाठी. एक गोष्ट लक्षात आली, ती आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांना सांगावीशी वाटते. जुन्या गोष्टींतल्या पाप्यांना नाव असतं, गाव असतं, आणि शेवटी वाट असते. केवढाही मोठा अपराध असो, रचणाऱ्याने त्याच्यासाठी एक दार किलकिलं ठेवलेलं असतं. कुणी चुकून देवाचं नाव घेतो, कुणी तहानलेल्याला पाणी देतो, तेवढ्यावर तो सुटतो. ती माणसं किती मोठ्या मनाची असतील! पाप माहीत असूनही त्यांना पाप्याचा राग येत नव्हता. मी रचलेल्या गोष्टीतल्या सुनेला नाव नव्हतं, म्हणून ते पाप कुणालाही चिकटलं असतं. आणि वाट मी ठेवलीच नव्हती.

मग मी एक सोपा मार्ग काढला. शहापूरजवळच्या एका गावी, जिथे वनिताला कुणी ओळखत नाही, प्रवचनात माझी चूक कबूल केली. आवाज कापला, डोळे भरून आले. लोकांनी पाया पडायला रांग लावली. "काय मोठं मन महाराजांचं!" पुढच्या आठवड्यात फोन आला, "महाराज, ते कबुलीचं आमच्याकडं पन घ्या." त्या दिवशी माझी मला किळस आली. तिच्या बदनामीवर मी एकदा मोठा झालो होतो, आता तिच्या निर्दोषपणावर पुन्हा होत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, गिऱ्हाईक नसतं अशा वेळी, ढाब्यावर गेलो. ती चुलीपुढे बसली होती. तांदळाच्या भाकऱ्या, एकसारख्या, पातळ. मला बघून तिचा हात थांबला नाही.

"बसा महाराज. चा सांगू?"

"वनिताताई, मी माफी मागायला आलोय. मला सगळं कळलं."

"कदी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "दोन वर्षं झाली."

तिने भाकरी उलटली. "मंग फार लांब राहता म्हनायचं. शापूर तं तासाभरावर हाय."

मी म्हणालो, "मी तुमच्या गावात येऊन सांगतो. माइकवर. सगळ्यांसमोर."

"काय सांगनार?"

"की तुम्ही सासूची सेवा केली. तिला घशाचा..."

"नाय." पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "आयेचं नाय सांगायचं. तिला मी वचन दिलंय. तुमी तिचा गळा उघडा करून मला चांगली ठरवनार?"

सव्वीस वर्षं मी धर्म म्हणजे काय ते सांगत होतो. दिलेला शब्द, स्वतःचं नाव गेलं तरी न मोडलेला, एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. तिच्याजवळ त्या सकाळी उत्तर होतं. चार शब्दांत सुटली असती. तिने ते दाबून धरलं आणि न केलेल्या चुकीची माफी मागितली, का, तर म्हातारीचा जीव सुटावा म्हणून. आणि मी त्याला पापाची कबुली म्हणत चार वर्षं गावं फिरलो.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"बोलून गेलंय ते बोलून नाय यायचं, महाराज. आशाताई बोलून दमली." तिने परातीतलं पीठ एकत्र केलं. "आमच्या गावात महाराजाचं ताट कुटं असतं?"

सुतकाच्या घरी महाराज जेवत नाहीत. दहावा झाल्यावर गावातलं एखादं मानाचं घर त्याला ताट वाढतं, आणि महाराज कुणाकडे जेवला याची गावात चर्चा असते. बहुतेक वेळा पोलीस पाटलांकडे, नाहीतर सरपंचांकडे.

"आमच्या गावात परत आलाव तं माझ्याकडं जेवा. चार मानसांदेखत. ओटीवर बसून." मग जरा हसून म्हणाली, "भ्या वाटत असंल तं पेज करीन. ती उतरती."

तो टोमणा मी शिरसावंद्य मानला.

या उन्हाळ्यात त्या गावातून बोलावणं आलं. एक शेतकरी वारले होते. मी मंडपात पाऊण तास त्यांच्याबद्दल बोललो, घरच्या तिघांना नीट विचारून. शेवटी म्हणालो, "सहा वर्षांपूर्वी याच काठावर मी एक गोष्ट सांगितली होती. ती मी रचली होती. तिच्यातली सून या गावातली नाही, कुठल्याच गावातली नाही. ज्या बाईला तुम्ही ती समजलात तिचा काही अपराध नव्हता. अपराध माझा." आवाज कापू दिला नाही. कुणी पाया पडलं नाही. पुढच्या रांगेतला एक जण तर मोबाइल बघत होता.

नंतर पोलीस पाटील म्हणाले, "चला महाराज, ताट तयार हाय." मी म्हणालो, "आज किसनच्या घरी जेवणार आहे." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "तसं कसं महाराज? म्हंजे, गाव काय म्हनंल?" मी म्हणालो, "गावाने बघावं म्हणूनच." ते माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि तिथे थांबले.

किसनने पाट मांडला. दारिद्र्य नव्हतं घरात, फक्त पाहुण्यांची सवय गेलेली होती. तांब्या कुठे ठेवायचा हे त्याला आठवेना. ओटी रस्त्याकडेला उघडी. वनिताने ताट आणलं. भात, वालाचं बिरडं, भाकरी, मेथीची भाजी, लोणचं. रस्त्यावर पाच-सहा जण उगाच थांबले. समोरच्या खिडकीचा पडदा हलला. मी जेवायला लागलो. सव्वीस वर्षांत इतकं गप्प राहून मी कधी जेवलो नव्हतो. चव सांगतो: बिरड्याला कोकम अगदी बेताचं, वाल पूर्ण शिजलेले आणि एकही मोडलेला नाही. असं बिरडं घाईत होत नाही.

अर्धं जेवण झालं असेल. रस्त्यावरून काठी टेकत भागीकाकू आली. सहा वर्षांत वाकली होती. ओटीच्या पायरीशी थांबली, माझ्या ताटाकडे बघत राहिली, मग वनिताकडे.

"महाराजांना वाढलंस. आमाला नाय इचारायचं का गो?"

रस्त्यावरची माणसं हलेनाशी झाली. किसन उठून आत गेला, पुन्हा बाहेर आला. मी घास हातात धरून बसलो. आता इथे काय घडावं हे सांगायला मी कोण? माझ्याजवळ एकही दृष्टांत नव्हता. वनिता भाताचं पातेलं घेऊन उभी होती, आणि या गावात पहिल्यांदा सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, कबुली ऐकायला नव्हे, ती काय ठरवते ते बघायला.

तिने काकूकडे पाहिलं. मग पातेलं खाली ठेवलं, कोपऱ्यातला दुसरा पाट ओढून माझ्या पाटाशेजारी मांडला आणि म्हणाली,

"हात धुवून या."